शोल्डर प्रेस मारताना हात नेमका कुठून कुठपर्यंत न्यायचा? भरतीच्या पोरापोरींसाठी अन् गावच्या जिमसाठी सविस्तर माहिती

परभणी (प्रतिनिधी) : पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं-पोरी आता जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत दिसतात. संध्याकाळी हीच मंडळी गावातल्या नाहीतर तालुक्याच्या जिममध्ये जमतात. तिथं एक वाद हमखास ठरलेला असतो. शोल्डर प्रेस मारताना हात खाली कुठपर्यंत आणायचा अन् वर कुठपर्यंत न्यायचा? एक जण म्हणतो कानापर्यंत आणा, बास. दुसरा म्हणतो छातीला टेकवा. तिसरा मोबाईलवर रील दाखवून सांगतो की रॉड मानेच्या मागूनच घ्यायचा असतो.

प्रश्न लहान वाटतो, पण खांदा एकदा बिघडला की सहा-सहा महिने साथ देत नाही. भरतीची तयारी करणाऱ्याचं त्यात वर्ष जातं. शेतात राबणाऱ्याचा तर हंगामच जातो. म्हणून हा विषय सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- खाली : रॉड असेल तर हनुवटी ते हासळीचं हाड, इथपर्यंत. डंबेल असेल तर खांद्याच्या उंचीला किंवा कानाच्या पाळीपर्यंत.
- वर : कोपर पूर्ण सरळ, दंड कानाजवळ, वजन डोक्याच्या बरोबर वर.
- मधे : कंबर जागची हलता कामा नये. बरगड्या पुढं फुगता कामा नयेत.
- सगळ्यात महत्त्वाचं : कंबर न वाकवता अन् खांदा न टोचता तुमचा हात जिथपर्यंत जातो, तीच तुमची रेंज. रीलमधल्या पैलवानाची रेंज ती त्याची.

आता हे असंच का, ते बघू.

हात वर जातो कसा?

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू समजा. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा अन् त्याची खोबण उथळ. त्यामुळं शरीरातला हा सगळ्यात मोकळा फिरणारा सांधा आहे. अन् मोकळा आहे म्हणूनच लवकर बिघडतो. लिंबू बशीवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. बाहेरून दिसणारा गोल, फुगलेला स्नायू तो वेगळा, त्याला डेल्टॉइड म्हणतात. आरशात डेल्टॉइड दिसतो, पण दुखणं बहुतेक वेळा त्या चार छोट्यांचं असतं.

हात बाजूला लोंबत असतो तिथून सरळ डोक्यावर नेला की साधारण 180 अंश होतात. यातले सुमारे 120 अंश खांद्याच्या सांध्यातून येतात. उरलेले 60 अंश पाठीवरचं पंखासारखं हाड, म्हणजे आपला फरा, फिरल्यानं मिळतात. फरा आखडलेला असेल किंवा पाठीला पोक असेल, तर हात पूर्ण वर जातच नाही. मग माणूस उरलेली कसर कंबर मागं वाकवून भरून काढतो. प्रेसमध्ये होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथं आहे.

दुसरी गोष्ट. हात वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात खांद्याच्या वरच्या हाडाखाली जागा कमी पडते. रोटेटर कफचा दोर तिथूनच जातो. तो सुजलेला असेल तर याच टप्प्यात टोचतं. वर गेल्यावर पुन्हा बरं वाटतं. असं होत असेल तर खांदा आधीच तक्रार करतोय, हे ओळखायचं.

आधी भिंतीची परीक्षा

वजनाला हात लावायच्या आधी ही तपासणी करा. दोन मिनिटांचं काम आहे, पैसाही लागत नाही.

1. भिंतीला पाठ लावून उभं राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढं. कुल्ले, पाठ अन् डोकं भिंतीला टेकलेलं.
2. कंबर अन् भिंत यांच्यात जेवढी फट आहे ती लक्षात ठेवा. तळहात जेमतेम जाईल एवढी ठीक आहे.
3. दोन्ही हात कोपरात सरळ ठेवून, अंगठे वर करून, समोरून हळूहळू डोक्यावर न्या.
4. अंगठे भिंतीला टेकले अन् कंबरेची फट वाढली नाही, तर तुमचा खांदा रॉडच्या पूर्ण रेंजला तयार आहे.
5. अंगठे टेकायच्या आधीच कंबर सुटली, बरगड्या वर आल्या किंवा कोपर वाकलं, तर तुमची रेंज तिथंच संपते.

पाचव्या प्रकारात बसणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. दिवसभर वाकून खुरपणी, कापूस वेचणी करणाऱ्यांची अन् रात्री मान खाली घालून मोबाईल बघणाऱ्यांची पाठ आखडतेच. यावर सोपा उपाय आहे. गोधडीची घट्ट वळकटी करा, ती फऱ्यांच्या खाली आडवी घ्या, उताणे झोपा अन् हात डोक्यावर सोडून द्या. दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास घ्यायचा. रोज केलं तर काही आठवड्यांत फरक जाणवतो. तोवर रॉड बाजूला ठेवून हलक्या डंबेलवर काम करा.

रॉडने प्रेस : टप्प्याटप्प्यानं

पकड : हात खांद्यापेक्षा किंचित बाहेर. रॉड बोटांवर नको, तळहाताच्या मनगटाकडच्या गादीवर हवा. मनगट मागं मुडपलं की सगळा भार तिथं पडतो.

सुरुवात : रॉड हासळीच्या हाडाजवळ किंवा हनुवटीच्या खाली. कोपरं रॉडच्या किंचित पुढं, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा सरळ. ज्यांचे हात लांब आहेत त्यांचा रॉड हनुवटीशी थांबेल, आखूड असतील तर हासळीला टेकेल. दोन्ही बरोबर. ओढून-ताणून छातीला टेकवायची गरज नाही.

वर जाताना : पोट कडक, कुल्ले आवळलेले, पाय जमिनीत रोवलेले. डोकं किंचित मागं घेऊन रॉडला नाकासमोरून वाट द्या. रॉड कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा जागेवर. रॉड सरळ रेषेत वर जायला पाहिजे. तोंडाला वळसा घालून पुढून गेला की कंबरेवर ताण येतो.

वरचं टोक : कोपर पूर्ण सरळ. खांदे कानाकडं किंचित उचललेले. हे महत्त्वाचं आहे, कारण फरा पूर्ण फिरला तरच खांद्याला जागा मिळते. ‘खांदे खाली दाबून ठेवा’ असं जे सांगतात ते डोक्यावरच्या प्रेसला लागू नाही. बाजूनं बघितलं तर मनगट, खांदा, कंबर अन् पायाचा मध्य एका ओळंब्यात दिसला पाहिजे. गवंडी भिंत बघतो तसं बघा.

खाली येताना : साधारण दोन सेकंदात, ताब्यात ठेवून. धपकन सोडला तर पुढच्या वेळी उसळीनं वर जातो, त्यात स्नायूला काहीच मिळत नाही.

डंबेलने प्रेस

ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांना डंबेल बरं. हात आपापल्या वाटेनं जातात. कोपरं अगदी बाजूला, एका रेषेत उघडू नका. साधारण 30 अंश पुढं ठेवा. फरा छातीच्या पिंजऱ्यावर याच तिरक्या दिशेनं बसलेला असतो, म्हणून खांद्याला ही वाट सोपी जाते. तळहात समोर किंवा एकमेकांकडं थोडे वळलेले, जसं जमेल तसं. खाली डंबेल खांद्याच्या उंचीला येऊ द्या. वर नेल्यावर एकमेकांवर आपटू नका.

90 अंशावर थांबायचं का?

दंड जमिनीला समांतर झाला की थांबायचं, असा सल्ला बऱ्याच जिममध्ये देतात. खांदा दुखत असेल, जुनी दुखापत असेल, तर काही काळ हा सल्ला बरोबर आहे. निरोगी खांद्याला मात्र त्याखाली जाणं धोक्याचं नाही. उलट खालचा भाग, जिथं स्नायू ताणलेला असतो, तोच ताकद अन् वाढ जास्त देतो. अर्ध्यातून मारलेल्या प्रेसमध्ये वजन मोठं दिसतं, पण काम अर्धंच होतं. अर्धं खुरपलेलं रान लांबून स्वच्छ दिसतं, तसलाच प्रकार.

वरच्या टोकाचंही तसंच. कोपर सरळ केलं की ‘स्नायूवरचा ताण जातो’ म्हणून काही जण तिथं जात नाहीत. पण फऱ्याचे स्नायू खरे कामाला लागतात ते वरच. फक्त कोपर झटका देऊन लॉक करायचं नाही.

मानेच्या मागून रॉड : बहुतेकांसाठी नको

रॉड मानेच्या मागं घ्यायचा तर दंड बाहेरच्या बाजूनं खूप फिरावा लागतो. भिंतीच्या परीक्षेत जे काठावर आहेत, त्यांची मान पुढं झुकते अन् खांद्याचा गोळा खोबणीच्या पुढच्या बाजूला दाबला जातो. मुळातच खूप मोकळा खांदा असलेले खेळाडू हे करतात, पण त्यांच्यामागं प्रशिक्षक असतो. समोरून मारलेल्या प्रेसनं जे होत नाही असं मागून काही वेगळं मिळत नाही. मग जोखीम कशाला घ्यायची?

कंबर वाकवणं : ऑलिंपिकमधून बाद झालेला डाव

डोक्यावरचा प्रेस हा एकेकाळी ऑलिंपिकमधल्या वेटलिफ्टिंगचा भाग होता. 1928 ते 1972 पर्यंत तीन प्रकार असायचे : प्रेस, स्नॅच अन् क्लीन अँड जर्क. पुढंपुढं खेळाडू जास्त वजन उचलायच्या नादात इतके मागं वाकायला लागले, की उभा प्रेस जवळपास बाकावर आडवं पडून मारल्यासारखा दिसायचा. कोणाचा प्रेस खरा अन् कोणाचा खोटा हे पंचांना ठरवता येईना. कंबरेच्या दुखापतीचीही भीती होती. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस कायमचा काढून टाकला. तेव्हापासून दोनच प्रकार उरले.

जगातले सगळ्यात तगडे लोक ज्या चुकीपायी एक अख्खा प्रकार गमावून बसले, तीच चूक आपल्याकडं रोज संध्याकाळी होते. मागं वाकलं की वजन छातीच्या वरच्या स्नायूंवर जातं, म्हणून जास्त उचललं जातं. पण त्यात खांद्याची ताकद वाढत नाही, मणक्याची झीज मात्र होते.

गोळाफेकीशी याचा संबंध काय?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणं 20 गुण, 100 मीटर 15 अन् गोळाफेक 15. मुलींना 800 मीटर 20, 100 मीटर 15 अन् गोळाफेक 15. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. जाहिरात निघाली की त्यातले नियम स्वतः वाचून घ्यायचे.

आता बघा, गोळा सुटतो कुठून? नियमानं तो मान-हनुवटीजवळ धरायचा, खांद्याच्या रेषेमागं न्यायचा नाही अन् एका हातानं ढकलायचा. म्हणजे गोळ्याचा प्रवास सुरू होतो तो प्रेसच्या खालच्या टोकातून. जो पोरगा सहा महिने कानापासूनच प्रेस मारतोय, त्यानं गोळ्याचा पहिला टप्पा कधी घटवलेलाच नाही. शेवटी कोपर पूर्ण सरळ होऊन बोटांतून गोळा सुटतो, ते प्रेसचं वरचं टोक. भरतीच्या पोरांनी फुल रेंज का मारायची, याचं हे सरळ उत्तर.

पण नुसत्या प्रेसवर गोळा जात नाही. गोळा उभा वर जात नसतो, तो तिरका, साधारण 35 ते 40 अंशांत जातो. अन् जोर पायातून, कंबरेच्या वळणातून येतो. हात फक्त शेवटचा ढकलणारा. म्हणून बैठका, जोर अन् प्रेस ही तिन्ही कामं सोबत चालू पाहिजेत.

आपल्या खेळाडूंकडून काय घ्यायचं?

सांगलीचा संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये 113 अन् क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो. पुढं 139 किलो उचलताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो पुन्हा उतरला, पण वजन राहिलं नाही. सुवर्ण एका किलोनं हुकलं, रौप्य मिळालं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक होतं. वजन डोक्यावर असताना कोपर अन् खांद्यावर काय भार असतो, हे त्यातून कळतं. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या खेळाडूचं असं होऊ शकतं, तर दोन महिन्यांच्या जिमवाल्यानं किती जपावं?

मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडनं त्याच वर्षी ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत 45 किलो गटात सुवर्ण जिंकलं. ज्युनिअर जागतिक विजेती होणारी ती पहिली भारतीय. पोरींनी डोक्यावर वजन घेऊ नये म्हणणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

अन् मणिपूरची मीराबाई चानू. खांद्याच्या त्रासामुळं तिचा स्नॅच अडला होता. 2020 मध्ये ती अमेरिकेत जाऊन उपचार अन् खांद्याचे नेमके व्यायाम करून आली. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलोचा जागतिक विक्रम केला, अन् जुलैमध्ये टोकियोत ऑलिंपिक रौप्य. आधी खांद्याची हालचाल दुरुस्त, मग वजन. क्रम हा असा.

वजन किती घ्यायचं?

- असं वजन घ्या, की पूर्ण रेंजनं 8 ते 10 वेळा जाईल अन् शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतील.
- ज्या वेळी रॉड खाली पूर्ण आला नाही किंवा कंबर वाकली, तिथं सेट संपला. मोजणी पुढं न्यायची नाही.
- दोन ते तीन सेट, आठवड्यातून दोन दिवस पुरेसे.
- वाढवायचं तर एक-दोन किलोनं. थेट पाच-पाचच्या प्लेटा टाकू नका.
- स्पर्धेचा मोठा रॉड पुरुषांचा 20 किलो अन् महिलांचा 15 किलो असतो. गावच्या जिममधला रॉड किती वजनाचा आहे ते आधी विचारून घ्या.
- घरी सिमेंट ओतून डब्याचे डंबेल केले असतील, तर किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घ्या. एका हाताला जड, एका हाताला हलकं झालं तर शरीर वाकडं काम करतं. पाण्याच्या बाटल्याही चालतात, एक लिटर म्हणजे एक किलो.
- मोबाईलचा खरा उपयोग इथं आहे. बाजूला विटेवर ठेवून स्वतःचा व्हिडिओ काढा. कंबर कधी वाकते ते लगेच दिसेल.

शेतात राबणाऱ्या खांद्याचा वेगळा विचार

युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. ट्रॉलीत कट्टे भरणं, कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकणं, स्प्रिंकलरचे पाईप खांद्यावरून नेणं, हे सगळं खांद्याचंच काम. असं जड काम ज्या दिवशी झालं, त्या दिवशी प्रेस मारायचा नाही. फवारणीच्या पंपाचे पट्टे दिवसभर खांद्यात रुतले असतील तर दुसऱ्या दिवशीही विश्रांती द्या.

चाळिशीच्या पुढच्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. कोणताही मार न लागता खांदा हळूहळू आखडत गेला, सदऱ्याची बाही घालता येईना, पाठीमागं हात जाईना, तर तो फ्रोजन शोल्डर असू शकतो. शुगर असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. अशा खांद्यावर प्रेस मारून तो ‘मोकळा’ होत नाही. आधी डॉक्टर, मग त्यांनी सांगितलेला हलका व्यायाम. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून वजन ढकलू नये, वर जाताना श्वास सोडावा.

दुखलं तर काय?

- स्नायू भरून येणं : एक-दोन दिवस राहतं, नंतर जातं. घाबरायचं नाही.
- वर नेताना टोचणं : वजन कमी करा, न टोचणाऱ्या रेंजमध्येच काम करा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर दाखवून घ्या.
- रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हाताला मुंग्या, हात उचललाच न जाणं : हाडांच्या डॉक्टरकडं जावं. गोळी घेऊन, इंजेक्शन मारून जिम चालू ठेवायची नाही.
- खांदा निखळला : कोणालाही हात ओढू देऊ नका. उपरण्याची झोळी करून हात छातीशी बांधा अन् दवाखाना गाठा. एक्स-रे काढल्याशिवाय बसवायचा प्रयत्न नको, शेजारच्या नसा अन् रक्तवाहिन्या दुखावू शकतात.
- डाव्या हातात कळ, सोबत छातीत दाब अन् घाम : हे खांद्याचं दुखणं समजून बसू नका. लगेच 108 ला फोन करा.

जिमच्या भिंतीवर लावायला पाच ओळी

1. आधी भिंतीची परीक्षा, मग रॉड.
2. खाली हनुवटी ते हासळी, वर कोपर सरळ.
3. कंबर वाकली की सेट संपला.
4. टोचलं की थांबायचं.
5. रेंज पूर्ण झाल्याशिवाय प्लेट वाढवायची नाही.

भरतीच्या मैदानावर तुम्ही जिममध्ये किती किलो मारता हे कोणी विचारत नाही. तिथं टेप लावून गोळा मोजतात. अन् त्या दिवशी खांदा जागेवर असला पाहिजे, एवढंच बघायचं.